'नाकाचं हाड वाढलंय' असं सांगितलंय? मुंबईत सेप्टोप्लास्टी करून घेणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

नाकात टॉर्च मारून डॉक्टर म्हणतात, "हाड वाढलंय, ऑपरेशन लागेल." तिथून घरी येईपर्यंत डोक्यात शंभर प्रश्न उभे राहतात. शेजारी सांगतात की ऑपरेशन केलं तरी हाड परत वाढतं. ऑफिसातला कोणीतरी लेझरचं नाव काढतो, आणि विमा कंपनी दोन वर्षं थांबायला सांगते. या ऑपरेशनचं नाव सेप्टोप्लास्टी, म्हणजे दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा सरळ करणं. या लेखात पहिल्या शंकेपासून तिसऱ्या महिन्याच्या तपासणीपर्यंतचा सगळा क्रम दिला आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. पडदा वाकडा असणं वेगळं आणि त्या वाकडेपणामुळेच नाक बंद असणं वेगळं. या दोन्हींची गल्लत झाली की ऑपरेशन नीट होऊनही नाक बंदच राहतं.

१. 'हाड वाढलंय' म्हणजे नेमकं काय

दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभा पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा म्हणजे लवचिक, आणि मागचा हाडाचा. हा पडदा एका बाजूला झुकला, 'एस'सारखा वळला किंवा त्याला काट्यासारखं टोक आलं, की कागदावर 'डीएनएस' (डेव्हिएटेड नेझल सेप्टम, म्हणजे वाकडा पडदा) लिहिलं जातं. यात हाड वाढलेलं नसतं, पडदा वाकलेला असतो.

नाकाच्या बाहेरच्या भिंतीला टर्बिनेट नावाचे मांसल उंचवटे असतात. आत येणारी हवा ते गरम आणि ओलसर करतात. धूळ, बुरशी किंवा ॲलर्जीने ते सुजतात आणि तेव्हा डॉक्टर 'मांस वाढलंय' म्हणतात. पडदा डावीकडे झुकलेला असेल तर उजवीकडच्या मोकळ्या जागेत टर्बिनेट हळूहळू मोठं होतं, म्हणून कित्येकांना वाकड्या बाजूपेक्षा दुसरीच बाजू जास्त बंद वाटते.

पडदा थोडाफार वाकडा असणारी माणसं खूप आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'डीएनएस' दिसलं एवढ्यावर ऑपरेशनचा निर्णय होत नाही.

२. पंधरा दिवस नाकाची नोंद ठेवा

हे काम घरबसल्या आणि फुकटात होतं, तरी बहुतेक जण ते टाळतात. एका वहीत रोज तीनदा, सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, कोणती बाजू बंद आहे ते लिहा. बरोबर शिंका, डोळ्यांची खाज, पाणी गळणं, डोकेदुखी आणि तो दिवस घरात गेला की बाहेर, हेही लिहा.

निरोगी नाकातही दोन बाजू काही तासांनी आळीपाळीने भरतात आणि मोकळ्या होतात. बंद बाजू अशी सतत बदलत असेल तर त्रास मुख्यतः सुजेचा, म्हणजे ॲलर्जीचा असण्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं एकच बाजू बंद असेल आणि कोणत्याही औषधाने ती उघडत नसेल तर पडद्यावर संशय घ्यायला जागा आहे. घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, त्याच बाजूने वारंवार घोळणा फुटणं, वरचेवर सायनसचा त्रास होणं या तक्रारींचीही तारखेसह नोंद करा. ही वही डॉक्टरांना दाखवा, पहिली भेट निम्म्या वेळात पण दुप्पट उपयोगाची होईल.

घोरण्याबद्दल एक सावधगिरी. झोपेत श्वास मध्येच थांबत असेल, दचकून जाग येत असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर आधी झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करून घ्या. स्लीप ॲप्निया फक्त पडदा सरळ केल्याने सहसा जात नाही.

३. औषधाला पूर्ण संधी द्या

ऑपरेशनआधी साधारण ४ ते ६ आठवडे स्टेरॉइडचा नाकातला फवारा (फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन) रोज मारायला सांगतात. सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुणं असतं आणि गरजेनुसार ॲलर्जीची गोळी. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून अनेक जण चार दिवसांत बाटली ठेवून देतात. या फवाऱ्याचं अंगात भिनणारं प्रमाण फार थोडं असतं आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडे लागतात.

फवारा मारण्याची पद्धत बहुतेकांची चुकते. मान किंचित खाली झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने फवारा मारा. बाटलीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं. हात बदलला की ही दिशा आपोआप साधते. जोरात वर ओढू नका, हलका श्वास घ्या. औषधाची चव घशात लागली तर ते नाकात न थांबता खाली गेलं असं समजा. फवारा रोज पडद्यावरच आदळत राहिला तर तिथली त्वचा कोरडी पडते, रक्त येतं आणि लोक फवाऱ्याला दोष देतात.

मोठा सापळा: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारे नाक मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, उदाहरणार्थ ऑट्रिविन किंवा नासिव्हिऑन). दोन मिनिटांत नाक उघडतं, म्हणून सवय लागते. हे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा जास्त घातले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. मग आणखी थेंब आणि आणखी सूज, हे चक्र सुरू होतं. महिनोन्महिने थेंब घालत असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. अशा नाकाचं ऑपरेशन करण्याआधी थेंब सोडवावे लागतात, नाहीतर पडदा सरळ होऊनही नाक तुंबलेलंच राहतं.

फवारा आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं जपून ठेवा. पुढे विम्याच्या वेळी 'आधी औषधोपचार केले का?' हा प्रश्न येतोच.

४. तपासण्या: दुर्बीण आधी, सीटी नंतर

ईएनटी डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून आत पाहतात. त्याआधी बधिर करणारा फवारा किंवा औषधात बुडवलेली पट्टी ठेवतात. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, फक्त डोळ्यांतून पाणी येतं. नाक आकसणारं औषध लावण्याआधी आणि लावल्यानंतर, अशी दोनदा तपासणी झाली तर फार उत्तम. औषधाने नाक पूर्ण मोकळं झालं तर अडथळा सुजेचा आहे. औषधानंतरही पडदा भिंतीला टेकलेलाच दिसला तर अडथळा पडद्याचा.

सीटी पीएनएस म्हणजे नाक आणि सायनसचा सीटी. साध्या पडद्याच्या ऑपरेशनला तो दरवेळी लागतोच असं नाही. सायनसचा त्रास, पॉलिप (नाकात वाढलेला मऊ कोंब) किंवा आधी झालेलं ऑपरेशन असेल तर लागतो. सर्दी चालू असताना सीटी काढू नका, कारण सुजलेलं सायनस बघून भलतंच निदान होऊ शकतं. सायनसच्या साध्या एक्स-रेवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, पडद्याबद्दल त्यातून उपयोगाचं फारसं कळत नाही. सेंटरमधून फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना लागते.

५. मुंबईत कुठे जायचं

महापालिकेच्या केईएम (परळ), नायर (मुंबई सेंट्रल), सायन आणि कूपर या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ईएनटी विभाग आहेत. राज्य सरकारचं जेजे भायखळ्याला आहे. फोर्टमध्ये फक्त कान-नाक-घशासाठी असलेलं महापालिकेचं वेगळं रुग्णालयही आहे. या ठिकाणी खर्च अगदी कमी येतो, पण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. तारखेसाठी थांबण्याची तयारी ठेवा आणि फिटनेसच्या, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासण्यांच्या, फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी होतील हे धरून चला. सेप्टोप्लास्टी तातडीची नसते. अपघात आणि कॅन्सरचे रुग्ण आले की तुमची तारीख पुढे जाऊ शकते. पहिल्या दिवशी आधारकार्ड, जुने सगळे कागद आणि पाण्याची बाटली घेऊन एकटं न जाता कोणाला तरी सोबत न्या. एक जण रांगेत असताना दुसऱ्याला खिडकीवर विचारपूस करता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. शिधापत्रिका आणि आधार दाखवून त्यांना एकच नेमका प्रश्न विचारा: "माझ्या कागदावर लिहिलेली ही शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेतून होते का?" योजना आहे पण ते रुग्णालय त्या विभागासाठी जोडलेलं नाही, असं होऊ शकतं. कामगार विम्याचं कार्ड असेल तर ईएसआयसीचा मार्ग आधी तपासा.

खासगीत जात असाल तर जाहिरातीतल्या फोन नंबरपासून सुरुवात करू नका. नाव आणि नंबर घेऊन 'आजच तपासणी, उद्या ऑपरेशन' म्हणणारे मध्यस्थ तुमचं नाक न पाहताच पॅकेज सांगतात. 'लेझरने, बिनटाक्याचं, बिनवेदनेचं' या शब्दांना भुलू नका. नेहमीची सेप्टोप्लास्टीसुद्धा नाकपुडीच्या आतूनच होते आणि चेहऱ्यावर कसलीही खूण राहत नाही. कोब्लेटर, मायक्रोडिब्रायडर अशी उपकरणं टर्बिनेट किंवा पॉलिपसाठी उपयोगी असतात, पण त्यांचा सुटा खर्च बिलात येतो. तेव्हा कशासाठी वापरणार आणि किती आकारणार हे आधीच विचारा.

६. विमा: इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत कान-नाक-घशाच्या साध्या आजारांच्या शस्त्रक्रियांना पहिले २४ महिने संरक्षण नसतं. पॉलिसीच्या कागदात 'विशिष्ट आजारांचा प्रतीक्षा काळ' हे कलम शोधा. काही ठिकाणी तिथे पडद्याचा थेट उल्लेख असतो, काही ठिकाणी फक्त 'बिनाइन ईएनटी डिसऑर्डर्स' (कान-नाक-घशाचे कॅन्सर नसलेले आजार) एवढंच असतं. कंपनीच्या गटविम्यात हा काळ बऱ्याचदा माफ असतो. एचआरला ईमेल करून उत्तर लेखी घ्या. अपघाताने नाक मोडलं असेल तर हा प्रतीक्षा काळ लागू होत नाही, पण त्या दिवशीचे उपचारांचे कागद दाखवावे लागतात.

पहिल्या भेटीत बोलताना नेमकं बोला. त्रास चार वर्षांचा असताना सवयीने "लहानपणापासूनच आहे" म्हटलं की डॉक्टर तसंच लिहितात. मग विमा कंपनी त्याला पॉलिसीआधीचा आजार ठरवते. खोटं सांगायचं नाही आणि फुगवूनही सांगायचं नाही. म्हणूनच ती वही कामाला येते. त्रास पॉलिसी घेण्याआधीपासून माहीत होता, पण प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिला नव्हता, असं असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो हे गृहीत धरा.

नाकाचा बाहेरचा आकारही सुधारून घ्यायचा असेल, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी, तर तो भाग सौंदर्यासाठीचा धरला जातो आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. दोन्ही एकत्र करणार असाल तर इस्पितळाकडून दोन्हींचे अंदाजपत्रक वेगळे मागा. एकाच आकड्यात सगळं मिसळलं की पूर्ण दावाच अडतो.

खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर अनेक पॉलिसींत फक्त खोलीचा फरक भरून भागत नाही, डॉक्टर आणि ओटीच्या खर्चातही त्याच प्रमाणात कपात होते. हातमोजे, मास्क, गॉज असल्या किरकोळ वस्तूंचे पैसेही बऱ्याचदा स्वतः भरावे लागतात.

कॅशलेससाठी ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी इस्पितळातल्या टीपीए डेस्कवर (विम्याचे कागद पाहणाऱ्या खिडकीवर) हे कागद द्या:

• पॉलिसीचं ई-कार्ड, आधार, पॅन (नोकरीचा गटविमा असेल तर कर्मचारी क्रमांकसुद्धा)
• पहिल्या भेटीचा कागद, ज्यावर तक्रार आणि ती किती काळाची आहे ते लिहिलेलं असेल
• दुर्बिणीचा रिपोर्ट, शक्यतो फोटोसह, आणि काढला असेल तर सीटी
• फवारा-गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि बिलं
• डॉक्टरांचं ऑपरेशनची शिफारस करणारं पत्र आणि खर्चाचा अंदाज

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. अर्ज कंपनीकडे कधी गेला ती वेळ डेस्कवरून लिहून घ्या. दावा चुकीने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे आणि तक्रारीला शुल्क नाही.

७. सही करण्याआधी सर्जनना विचारायचं

प्रश्न मोजकेच पण लेखी घेऊन जा. माझ्या त्रासात पडद्याचा वाटा किती आणि ॲलर्जीचा किती? टर्बिनेटवरही काम करणार का? ऑपरेशननंतर पॅक (रक्त थांबवायला नाकात भरलेली पट्टी किंवा स्पंज) ठेवणार, सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवणार की फक्त आतून टाके घालणार? नंतरच्या सफाईच्या भेटींचे पैसे पॅकेजमध्ये धरले आहेत का? रात्री रक्त आलं तर कोणाला फोन करायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "शंभर टक्के पडदा, सर्दी-शिंका सगळं जाईल" असं आलं तर दुसरं मत घ्या. सेप्टोप्लास्टीने वाट मोकळी होते, ॲलर्जी जात नाही. 'हाड परत वाढतं' ही समजूत इथूनच आली आहे. सरळ केलेली कूर्चा क्वचित थोडी परत वळते हे खरं, पण बहुतेकांचं नाक परत भरतं ते ॲलर्जीकडे दुर्लक्ष झाल्याने टर्बिनेट सुजतात म्हणून.

धोक्यांबद्दलही स्पष्ट विचारा. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्यामध्ये रक्त साठणं, पडद्याला भोक पडणं, पडदा आणि भिंत एकमेकांना चिकटणं, वास कमी होणं, वरचे पुढचे दात काही काळ बधिर वाटणं, आणि क्वचित नाकाचा मधला भाग बसणं. यातले गंभीर प्रकार कमी घडतात, पण संमतिपत्रात ते लिहिलेले असतात. भूल चढण्याआधी दहा मिनिटांत सही करण्यापेक्षा संमतिपत्राची प्रत आदल्या दिवशी मागून मराठीत समजून घ्या.

अठरा वर्षांखालच्या मुलांत नाकाची वाढ चालू असते, म्हणून खूपच त्रास असल्याशिवाय थांबायला सांगतात.

८. तारीख ठरवताना

गणपती, होळी किंवा घरातल्या लग्नाच्या तोंडावर तारीख घेऊ नका. कारण साधं आहे. नाकातून नव्याने रक्त येण्याचा धोका पहिल्या दिवशी असतो तसाच पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला असतो, खपल्या सुटताना. नेमके त्याच दिवसांत कोकणात गावी असाल, घरात धूप-अगरबत्तीचा धूर असेल आणि जवळ ईएनटी डॉक्टर नसेल, तर साधी गोष्ट अवघड होऊन बसते. ऑपरेशननंतरचे किमान दोन आठवडे तुमच्या सर्जनच्या टप्प्यातच राहा. विमानप्रवासही दोन आठवडे टाळा. कामावरून ७ ते १० दिवसांची रजा धरा, अंगमेहनतीचं काम असेल तर दोन-तीन आठवडे.

सर्दी-ताप आला तर लपवू नका, तारीख पुढे ढकला.

आधीच्या पंधरवड्यात करायचं ते असं. सिगारेट, विडी, मिश्री आणि विशेषतः तपकीर बंद, कारण जखम भरण्यावर थेट परिणाम होतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना सांगा. स्टेंट असलेल्यांनी त्या मनाने मुळीच बंद करू नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, काढे, भस्मं यांची यादीही द्या. 'आयुर्वेदिक आहे, सांगायची गरज नाही' असं समजू नका.

फिटनेससाठी सर्वसाधारणपणे रक्ताच्या तपासण्या (हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटसह पूर्ण तपासणी, रक्त गोठण्याची तपासणी, साखर, क्रिएटिनिन, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी), ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि भूलतज्ज्ञांची भेट असते.

नाकात चमकी किंवा मोरणी असेल तर दोन दिवस आधीच काढा. वर्षानुवर्षं न काढलेल्या चमकीचा फिरकीचा भाग घट्ट बसलेला असतो. ओटीच्या दारात ती निघत नाही, आधी सोनाराकडे जावं लागतं. दाट मिशी असेल तर बारीक करा, नाकाखालची पट्टी चिकटायला बरं पडतं.

९. ऑपरेशनचा दिवस

जड जेवणानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास उपाशी राहावं लागतं. साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं, पण वेळ भूलतज्ज्ञांकडूनच घ्या. दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही. सकाळी सवयीने घेतलेल्या अर्धा कप चहाने ऑपरेशन रद्द होतं. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची की नाही, मधुमेहाची थांबवायची का, हे आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या.

सोबत पुढून बटणांचा शर्ट किंवा गाऊन न्या, डोक्यावरून काढायचा कपडा नको. लिप बाम किंवा व्हॅसलिन, दोन जुने टॉवेल, जुनी उशी आणि लिहून दाखवायला वही ठेवा.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन होतं आणि पाऊण ते दीड तास चालतं. नाकपुडीच्या आत छेद घेऊन पडद्यावरची नाजूक त्वचा उचलतात. वाकडा भाग काढतात किंवा सरळ करून बसवतात, आणि त्वचा परत जागेवर आणतात. पडद्याच्या कूर्चेचीच पुढून आणि वरून आधाराची पट्टी राखावी लागते, तिच्यामुळेच नाकाचा बाहेरचा आकार टिकतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी घरी सोडतात.

१०. नाकात पॅक असलेला काळ

हा सगळ्यात त्रासाचा टप्पा, आणि तो कसा असतो हे कोणी नीट सांगत नाही. पॅक ठेवले तर सहसा २४ ते ४८ तास असतात. नाक पूर्ण बंद, तोंड कोरडं. घोट गिळताना कान आत ओढल्यासारखे होतात, कारण गिळताना तयार होणारा दाब नाकातून सुटत नाही. डोळ्यांतून पाणी वाहतं, कारण अश्रू नाकात उतरण्याची वाट बंद असते. हे सगळं पॅक निघताच थांबतं. भूल उतरल्यावर काळपट उलटी झाली तर ते बहुधा गिळलेलं रक्त असतं. एकदा झाली तर घाबरू नका, पण सिस्टरना सांगा.

दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. नाकाखालची गॉजची पट्टी पहिल्या दिवशी लालसर पाण्याने भिजते, दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. ती दहा-पंधरा मिनिटांत लाल रक्ताने चिंब होऊ लागली तर लगेच कळवा. घोटघोट पाणी पीत राहा. आसट वरणभात, पेज, दही असं मऊ आणि कोमट खाणं द्या. तोंडाने श्वास घेत गिळायचं असतं, त्यामुळे लहान घास, मध्ये थांबून. पॅरासिटामॉल चालतं. घरातली दुसरी कोणतीही दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको.

पॅक काढायला उपाशीपोटी जाऊ नका. आधी सलाईनने भिजवून घ्या अशी विनंती करा, काढणं सोपं जातं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लांबच लांब काहीतरी बाहेर येतंय असं वाटतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. नंतर दहा मिनिटं बसून राहा. सिलिकॉनच्या पट्ट्या असतील तर त्या आणखी साधारण एक आठवडा राहतात आणि त्यातून थोडा श्वास घेता येतो.

११. नाक धुणं

ऑपरेशन सर्जनच्या हातात, धुणं तुमच्या. खपल्या साठू दिल्या तर पडदा आणि टर्बिनेट एकमेकांना चिकटतात, मग नव्याने सोडवावं लागतं. पॅक निघाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हापासून दिवसातून तीन-चार वेळा धुवा.

पाणी: नळाचं नको, फिल्टरचं किंवा आरओचंही थेट नको. खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या आणि २४ तासांत संपवा. अस्वच्छ पाणी पोटात गेलं तर जठरातलं आम्ल बरंच काही मारतं, नाकात तशी सोय नाही. पावसाळ्यात तर हा नियम एकदाही मोडू नका.

मीठ: २४० मिलिलिटरच्या बाटलीत तयार पुडी टाकणं सगळ्यात सोपं आणि अचूक. घरी करायचं तर २४० मिलिलिटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याचं अर्ध्याहून किंचित कमी, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. नाक झोंबलं तर मीठ कमी-जास्त झालं आहे.

पद्धत: बेसिनवर वाका, तोंड उघडं, 'आऽऽ' म्हणत राहा म्हणजे पाणी घशात उतरत नाही. बाटली हलकी दाबा, अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. नंतर शिंकरू नका. मिनिटभर वाकून पाणी आपोआप गळू द्या. तासाभराने चप्पल घालायला वाकलात की नाकातून एकदम पाण्याची धार येईल. ते सायनसमध्ये अडकलेलं धुण्याचं पाणी, चिंता नको. बाटली रोज धुऊन सुकवा.

खपली बोटाने काढू नका, ती डॉक्टर पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सफाईत काढतात. बरं वाटतंय म्हणून ही भेट चुकवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

१२. पहिले तीन आठवडे

नाक शिंकरायचं नाही, किमान दोन आठवडे. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. वाकून जड उचलणं, व्यायामशाळा, कुंथणं टाळा. बद्धकोष्ठता असेल तर औषध मागून घ्या. पहिला आठवडा गरम पाण्याची अंघोळ, वाफारा, झणझणीत आणि वाफाळतं खाणं नको. पोहणं किमान महिनाभर बंद. चष्मा चालतो, कारण नेहमीच्या सेप्टोप्लास्टीत बाहेरचं हाड मोडत नाहीत.

लोकलबद्दल वेगळं सांगायला हवं. गर्दीच्या वेळेला कोणाचंही कोपर बरोबर नाकाच्या उंचीवर असतं, आणि डब्यात चढताना मान वळवायलाही जागा नसते. दोन-तीन आठवडे गर्दीची वेळ सोडून प्रवास करा किंवा घरून काम मागा. नाइलाज असेल तर दाराशी उभं राहू नका, आतल्या बाजूला जाऊन सीटकडे तोंड करा. घरात लहान मूल असेल तर त्याला मांडीवर समोरून घेऊ नका. त्याच्या डोक्याचा एक टोला पुरतो.

पहिल्या दोन आठवड्यांत नाक ऑपरेशनआधीपेक्षाही जास्त बंद वाटतं. ती आतली सूज आहे, ऑपरेशन फसलेलं नाही. वासही तात्पुरता कमी असतो, म्हणून गॅस आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी लक्ष असू द्या.

१३. लगेच फोन करा किंवा इस्पितळ गाठा

रक्त आलं तर बसून पुढे वाका, नाकाचा मऊ भाग हलक्या हाताने १० ते १५ मिनिटं दाबा, कपाळावर बर्फ ठेवा, तोंडात आलेलं रक्त थुंका. मान मागे टाकणं, टाळूवर पाणी मारणं, कांदा हुंगवणं, कापूस कोंबणं यातलं काहीही करू नका. तेवढ्या वेळात थांबलं नाही तर निघा.

याशिवाय:

• मोकळं होत आलेलं नाक अचानक दोन्ही बाजूंनी बंद होऊन ठणकायला लागलं. पडद्यात रक्त किंवा पू साठल्याचं हे लक्षण आहे, काही दिवसांतच कूर्चा विरघळू शकते. उद्यावर टाकू नका.
• १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, विशेषतः पॅक असताना, सोबत अंगावर पुरळ किंवा जुलाब.
• एकाच बाजूने पाण्यासारखं स्वच्छ द्रव गळत राहणं आणि डोकं किंवा मान खूप दुखणं.
• डोळ्याभोवती सूज किंवा अंधुक, दोन-दोन दिसणं.

१४. तीन महिन्यांनी

आतली सूज पूर्ण उतरायला दोन-तीन महिने जातात. खरा निकाल तेव्हाच कळतो. या भेटीला जाताना पंधरा दिवस आधीपासून तीच वही पुन्हा भरा, त्याच तीन वेळा, त्याच पद्धतीने. जुनी पानं आणि नवी पानं शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि दुर्बिणीने पुन्हा पाहायला सांगा. एकच बाजू अजून बंद असेल तर पडद्याचा काही भाग वाकडा राहिला आहे का, कुठे चिकटलं आहे का, हे तिथेच कळतं. बाजू बदलत बंद होत असतील तर ॲलर्जीचा फवारा पुन्हा सुरू करावा लागेल, आणि धुळीच्या थंडीच्या महिन्यांत तसंच भिंती ओलावणाऱ्या पावसाळ्यात तो चालू ठेवावा लागेल. विम्यातून ऑपरेशननंतरच्या भेटी आणि औषधांचे पैसे साधारण ६० दिवसांपर्यंतचे मिळतात. पॉलिसीतला नेमका आकडा बघून त्या मुदतीतली बिलं वेळेत भरा.